चौदा नंबरचं जोतं

निकेश मोकल माझ्या वरच्या खोलीत राहायला आला त्याला आता सहा वर्षं होतील. सामान म्हणून त्याच्याकडे एक गादी, एक शेगडी आणि कॉम्प्युटरचा खोका होता. मी विचारलं, "एकटाच का?" तर म्हणाला, "सध्या." ते "सध्या" अजून चाललंय.

मी इंदुबाई. पेणमध्ये आमचं नकाशे छापायचं दुकान आहे. यजमान होते तेव्हा अमोनियाच्या वासात निळे नकाशे निघायचे. ते गेले, अमोनिया गेला, आता मोठं प्लॉटर मशीन आहे आणि ते मी चालवते. शेजारी गणपतीचा कारखाना. तिथला पांढरा धुरळा बाराही महिने माझ्या मशीनवर बसतो आणि त्यांच्याशी माझं भांडणही बाराही महिने चालतं. लोक म्हणतात बाई फटकळ आहे. असेन. पण या मुलापुढे माझं तोंड चालत नाही, कारण तो उलट बोलतच नाही.

रोज सकाळी तो गाडीने रोह्याला जातो. नागोठणे, निडी, मग रोहा. तिथल्या एका छोट्या कंपनीत तो नकाशे "बसवतो". हा शब्द त्याचाच. मी आधी हसले होते, नकाशे काय नथीतले मोती आहेत बसवायला? मग त्याने एका रविवारी मला समोर बसवून दाखवलं.

इंजिनिअर लोक कॅडमध्ये ड्रॉइंग काढतात. त्यात भिंत, कुंपण, गटार, सगळं मापात असतं. फक्त ते घर पृथ्वीवर नेमकं कुठे आहे, एवढंच त्यात नसतं. काढणाऱ्याने कोऱ्या पडद्यावर हात पडेल तिथून सुरुवात केलेली असते. आणि ज्या सॉफ्टवेअरवर गावाचं नियोजन करतात, त्याला आधी जागा हवी असते, घर नंतर. त्यामुळे ड्रॉइंग पहिल्यांदा आत घेतलं की ते शून्यावर जाऊन पडतं. आपल्या भागाच्या मोजणीत हे शून्य येतं मालदीवच्याही पश्चिमेला, भर समुद्रात. तिथून एकेक घर, एकेक शाळा उचलून रायगडात आणून ठेवायची, हे निकेशचं काम.

मग आमची ती रोजची थट्टाच झाली. तो संध्याकाळी जिना चढायला लागला की मी गल्ल्यावरून विचारायची, "आज कोण बुडालं?"

"खांब गावचं एक मंगल कार्यालय," तो म्हणायचा. "दुपारपर्यंत वर काढलं."

कधी कुणी मिलिमीटरमध्ये काढलेलं असायचं आणि आत घेताना ते मीटर धरलं जायचं. अशाने एका बंगल्याचं न्हाणीघर एकदा दोन गावांवर पसरलं होतं. कधी चार भिंती जुळलेल्या दिसायच्या, पण मोठं करून बघितलं की कोपऱ्यात दोन बोटांची फट. तसं घर सॉफ्टवेअर घर मानत नाही, नुसत्या रेघा मानतं. निकेश ते कोपरे एकेक करून जोडत बसायचा. त्याचा एक नियम होता. ड्रॉइंगमध्येही आहेत आणि उपग्रहाच्या फोटोतही दिसतात अशा दोन खुणा सापडल्याशिवाय तो काही बसवायचा नाही. देऊळ आणि विहीर, नाहीतर शाळेचा कोपरा आणि पाण्याची टाकी. "एका खुणेवर मी काहीच ठेवत नाही, काकी," असं त्याने मला कितीदा सांगितलं असेल.

एवढी सगळ्यांची घरं जागेवर ठेवणाऱ्या या माणसाला घर नव्हतं. मी उगीच रडगाणं गात नाही, खरंच नव्हतं. त्याचं गाव धाकटी खार. वडखळच्या पुढे रस्ता सोडून खाडीकडे उतरलं की येतं, म्हणजे यायचं. खाडीच्या काठची ती भातशेती, बांध घालून खारं पाणी अडवून केलेली. वीस वर्षांपूर्वी एका मोठ्या उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली आणि पाणी शेतात, अंगणात, चुलीत शिरलं. निकेश तेव्हा दहावीत होता. बावीस घरांचं गाव हळूहळू उठलं. कुणी पेणला आलं, कुणी पनवेलकडे गेलं. शेतात खारफुटी माजली. निकेशचा बाप पेणला हमाली करता करता वारला, मग आई गेली. गावात उरली एकटी हौसाआत्या, त्याच्या बापाची बहीण, सत्तरीची. चिखलातले मासे-खेकडे, म्हणजे निवट्या आणि चिंबोऱ्या, धरून ती आठवड्यातून दोनदा पेणच्या बाजारात विकायला बसते. अख्ख्या धाकट्या खारीत विजेचा मीटर तिच्या एकटीच्या घरी चालू आहे.

निकेशचं एकदा लग्न ठरत आलं होतं. मुलगी चांगली होती, मी फोटो पाहिला होता. मग मुलीकडची माणसं रीतीप्रमाणे घर बघायला येतो म्हणाली. हा म्हणाला, पेणला या, खोली आहे. ते म्हणाले, खोली नको, गावचं घर दाखवा. भाड्याच्या खोलीत राहणारे पुष्कळ असतात, पण गावाला काहीतरी लागतं, चार भिंती, एखादं जोतं तरी, माणूस कुठला ते सांगायला. याच्याकडे दाखवायला काय होतं? चिखल. त्यानंतर त्याने तो विषय माझ्यासमोर काढला नाही आणि मीही काढला नाही. तो एका माणसाचा भात लावतो, पावाची अर्धी लादी आणतो, ती दोन दिवस पुरवतो. त्याचा फोन वाजला तर ऑफिसचाच असतो. रविवारी वरून कुणाच्या बोलण्याचा आवाज येत नाही. मी सुद्धा एकटीच आहे, त्यामुळे तो न येणारा आवाज मला ओळखता येतो.

आत्याला भेटायला तो गावात कधी जात नसे. बाजारात जाऊन भेटायचा. वाट वाईट आहे म्हणायचा. वाट वाईट होतीच, पण ते कारण नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर तो एकदा जिना न चढता सरळ दुकानात आला. खाडीकाठच्या गावांना नवीन बांध घालायचा आराखडा होता आणि त्याचं नकाशाचं काम त्याच्या कंपनीला मिळालं होतं. गावांच्या यादीत धाकटी खार होती.

"काकी, माझं गाव मीच बसवणार," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य तो स्वतःहून क्वचित बोलतो.

पुढचा महिनाभर हा मुलगा वेगळाच होता. शीळ घालायचा, चक्क. गावाचं जुनं ड्रॉइंग त्याला मिळालं, उधाणाच्या आधी कुणीतरी मोजणी करून काढलेलं. बावीस घरं, नंबरासकट. आणि एके संध्याकाळी त्याने मसुद्याचा नकाशा माझ्याकडे छापायला आणला. मशीनमधून कागद सरकत बाहेर येत होता आणि हा दोन्ही हातांनी तो झेलत होता.

"ही लाल रेघ म्हणजे नवा बांध," त्याने सांगितलं. "रेघेच्या आतली घरं यादीत धरणार. त्यांना रस्ता, वीज, सगळं राहील. बाहेरची घरं यादीतून गेली. मीटर पण काढून नेतील." मग बोट एका चौकोनावर ठेवून म्हणाला, "चौदा नंबर. आमचं."

चौदा नंबर लाल रेघेच्या आत होता, छान कोरड्या पट्ट्यात.

"नुसतं जोतं असेल आता," तो म्हणाला. "पण बांध झाला की तीन-चार वर्षांत जमीन सुकेल. जोत्यावर दोन खोल्या उभ्या करीन." हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते. दाखवायला घर होणार होतं.

"आणि हौसाबाईचं कुठलं?" मी विचारलं.

त्याने नऊ नंबर दाखवला. तो हिरव्या ठिपक्यांत होता. हिरवे ठिपके म्हणजे खारफुटी, तिथे बांध घालता येत नाही, लाल रेघ तिला वळसा घालून गेली होती. "आत्याचं बाहेर गेलं," तो म्हणाला. "वाईट वाटतंय. फोटोत तिचं छप्पर दिसत नाही, वर चिंचेचं झाड आहे. पण ड्रॉइंग जे दाखवतं ते दाखवतं. तिला इकडे आणीन मी. मग दोघं मिळून परत जाऊ."

मला त्याचं ते पटकन "वाईट वाटतंय" म्हणणं आवडलं नाही. पण इतकं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून गप्प बसले. ही माझी चूक.

मसुदा ग्रामपंचायतीत लागला. हरकत घ्यायला तीस दिवस. धाकट्या खारीत हरकत घ्यायला माणूस एकच, आणि तिला वाचता येत नाही.

हौसाबाई बाजार उठला की कधी कधी माझ्याकडे टेकते, पाणी पिते. हरकतीची मुदत संपायला सहा दिवस उरले असताना ती आली. टोपली बाहेर ठेवली, आत आली आणि भिंतीला लावलेला नकाशा बघून म्हणाली, "ह्यो निकेशनं केलाय नं, बाय? पंच्यातीत बी लावलाय. मी रोज बघून येतंय."

"बघता म्हणजे, कळतं का काही?"

"नाय गो. पन आपल्या पोरानं केलाय."

तिचं घर त्यात बाहेर गेलंय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. निकेशने नाहीच. मला सांगायचा धीर होईना, म्हणून मी भलतंच दाखवत बसले. ही खाडी, हा बांध, ही उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं.

"उघाडी?" ती पुढे आली. "कंची? जुनी का नवी?"

"दोन आहेत?"

"दोन कशाला असतील? जुनी उधाणात गेली. मागनं आमी चार घरं व्हतो तवा नवी बांधली, पार तिकडं, हैबतरावाच्या शेताच्या कडंला. जुनी व्हती तवा माज्या दारातनं हाक मारली का उघाडीवरचा मानूस ओ देत व्हता. आता उघाडी बी लांब गेली न ओ देनारं बी कोन नाय." ती हसली, टोपली उचलली आणि गेली.

मी ते संध्याकाळी निकेशला सहज सांगितलं, म्हातारीची गंमत म्हणून. तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होता. तिथेच बसला.

"नवी उघाडी?" त्याने विचारलं. "किती लांब म्हणाली?"

मग त्याने मला सांगितलं. अख्खं गाव खारफुटीत गेलेलं, देवळाचा कळस नाही, विहीर बुजलेली. फोटोत ओळखू येईल अशी एकच गोष्ट होती, उघाडी. ड्रॉइंगमध्येही उघाडी होती. माप ठाऊक होतं, उत्तर दिशा ठाऊक होती, म्हणून त्याने ड्रॉइंगची उघाडी फोटोतल्या उघाडीवर नेऊन ठेवली आणि गाव बसवलं. एका खुणेवर.

"दुसरी खूण का नाही शोधलीस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"पहिल्यांदा चौदा नंबर बघितला," तो म्हणाला. "तो कोरड्यात दिसला. मग पुढे बघावंसं वाटलं नाही."

धाकट्या खारीच्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर उघाडी हलल्याचं त्याने सांगितलं असतं. निकेशही धाकट्या खारीचाच. त्याने स्वतःला विचारलं आणि स्वतःला ते माहीत नव्हतं.

रविवारी आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. मी कशाला गेले? तो एकटा गेला असता तर वडखळवरून परत फिरला असता असं मला वाटलं. नाक्यावर चहा घेतला, पुढे स्कूटर ठेवून बांधावरून चालत गेलो. ओहोटी होती. त्याच्या हातात कंपनीचं जागेची नोंद घेणारं यंत्र होतं, मोबाइलपेक्षा जरा मोठं. हौसाबाईने आम्हाला लांबून पाहिलं आणि ती दारात उभी राहून ओरडायला लागली, "अरं आयला! निकेश आयला!" ऐकायला तिथे कुणी नव्हतं. तरी ती ओरडत होती.

त्याने तिच्या उंबऱ्यावर यंत्र धरलं. नवीन उघाडीवर धरलं. मग हौसाबाईने त्याला हात धरून चिखलात नेलं आणि जुन्या उघाडीचे दगड दाखवले, दोन, गुडघाभर वर आलेले. तिथेही धरलं. सत्तर मीटरचा फरक. सगळं गाव त्याने सत्तर मीटर पूर्वेला नेऊन ठेवलं होतं. हौसाबाईचं घर प्रत्यक्षात कोरड्यात होतं, अंगण सारवलेलं, तुळस, चिंच, दारात विजेचा खांब.

शेवटी तो चौदा नंबरवर, त्यांच्या स्वतःच्या जोत्यावर गेला. मी बांधावरच थांबले, पण मला दिसत होतं. जोत्याचे चिरे होते जागेवर, मधे चिखल, चिखलात खारफुटीची रोपं. तो तिथे बराच वेळ यंत्र धरून उभा राहिला. बाकी सगळे आकडे त्याने वहीत लिहिले होते, हा लिहिला नाही. मला वाटलं विसरला.

सोमवारी त्याने ऑफिसात चूक सांगितली. त्याचा साहेब ऋत्विक सत्तावीस वर्षांचा आहे, वाईट मुलगा नाही. तो म्हणाला, चूक कळली, पण मसुदा प्रसिद्ध झालाय. आता गावात राहणाऱ्या माणसाची लेखी हरकत आल्याशिवाय ती फाइल उघडता येत नाही, आणि मुदत बुधवारपर्यंत आहे.

म्हणजे हरकत हौसाबाईने घ्यायची. निकेशच्या कामावर.

मंगळवारी बाजार होता. निकेशने रजा टाकली आणि आत्याला माझ्या दुकानात घेऊन आला. तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिचं घर रेघेबाहेर गेलंय, वीज जाईल, यादीत नाव नाही. ती ऐकून घेत होती. मग तो म्हणाला, "म्हणून तुला अर्ज करायचाय, आत्या. नकाशा चुकीचा आहे म्हणून."

"कुनाच्या नावानं?"

"माझ्या."

ती उठलीच. "मी? माज्या भावाच्या पोराच्या कामात खोट काढू? न त्यांनी तुला कामावरनं काढलं तं?"

"नाही काढणार."

"तुला कोन सांगतंय?"

"आत्या, तुझं घर जाईल."

"जाऊं दे की. माजं घर गेलं तं मी तुज्याकडं येईन. तुजी नोकरी गेली तं तू कोनाकडं जाशील?"

  शेजारच्या कारखान्यात कुणीतरी घासकागदाने मूर्ती घासत होतं. ती म्हणाली ते खरं होतं आणि त्याला तोंडावर सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

शेवटी मी आवाज चढवला. म्हटलं, आता दोघंही खाली बसा, नाटकं पुरे. मी कॉम्प्युटरवर अर्ज टाइप करायला घेतला आणि निकेश सांगायला लागला. "सदर नकाशा तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष जागेवर न येता निष्काळजीपणाने..."

"निष्काळजी म्हंजे काय गो, बाय?" हौसाबाईने मला विचारलं.

"म्हणजे लक्ष दिलं नाही."

"त्यो शबुद काढ. पोर लक्ष देतंय."

"राहू दे, काकी. खरं आहे ते," निकेश म्हणाला.

"काढ म्हनते ना! नायतर मी अंगठा देत नाय."

असं अर्धा तास चाललं. एक आपल्यावरचा आरोप वाढवतोय, दुसरी पुसतेय. मी आयुष्यात पुष्कळ अर्ज टाइप केले, भाऊ भावावर, सून सासऱ्यावर, पण असा नाही. शेवटी मी माझ्या अकलेने "नजरचूक" लिहिलं आणि दोघांनाही दुसरंच काहीतरी वाचून दाखवलं.

शाईच्या पॅडवर अंगठा ठेवून ती थांबली. "न तुजं जोतं? रेघ आता सरकली का तुजं आत येतंय नं?"

"येतंय," निकेश म्हणाला.

तिने अंगठा दिला.

हरकत मान्य झाली. निकेशच्या नावावर ऑफिसात शेरा बसला आणि खाडीकडची सगळी गावं त्याच्याकडून काढून घेतली. आता तो रोह्यातल्या गटारांची ड्रॉइंग बसवतो. पण धाकटी खार दुरुस्त करायचं काम ऋत्विकने त्यालाच दिलं, एवढं बरं केलं. जानेवारीत तो अंतिम नकाशा घेऊन छापायला आला. यावेळी कागद त्याने झेलला नाही, स्टुलावर बसून राहिला. मीच उलगडला.

नऊ नंबर आत होता. कोरड्यात, रेघेपासून चांगला लांब. मला इतका आनंद झाला की मी "बसवलंस रे बाबा!" असं मोठ्याने म्हणाले. मग खाली यादी होती ती वाचली. रेघेच्या आतली घरं. बारा, तेरा, पंधरा.

मी पुन्हा वाचली. मग नकाशात शोधलं. सगळं गाव सत्तर मीटर पश्चिमेला आलं होतं आणि पश्चिमेच्या टोकाला चौदा नंबरचा चौकोन निळ्या रंगात होता. त्याच्या आणि लाल रेघेच्या मधे हिरव्या ठिपक्यांचा पट्टा.

"निकेश, हे तुझं चुकून राहिलं का?"

"नाही, काकी. ते बरोबर जागेवर आहे. जागाच पाण्यात आहे."

"तुला त्या दिवशीच कळलं होतं."

"जोत्यावर उभा होतो तेव्हा."

मला रडू आलं. मला, त्याला नाही. मी चिडून म्हणाले, "अरे, बिनबोभाट राहू दिलं असतंस तर तुझं घर तरी कागदावर राहिलं असतं!" हे मी का म्हणाले ते मलाच माहीत नाही, हौसाबाईला बाहेर काढायला मी थोडीच तयार होते. तो म्हणाला, "कागदावर राहून काय करणार? बघायला आलेल्यांना कागद दाखवणार का?" आणि नकाशा गुंडाळून, रबर लावून निघून गेला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीने रोह्याला गेला. संध्याकाळी तो जिना चढताना मी कोण बुडालं ते विचारलं नाही. त्यानंतर आजवर विचारलेलं नाही.

आत्याला त्याने खरं सांगितलंच नाही. तिच्या समजुतीत चौदा नंबर आत आलाय आणि निकेश तिथे दोन खोल्या बांधणार आहे. म्हणून दर वेळी उधाण ओसरलं की ती त्या जोत्यावरचा चिखल काढायला लागली. टोपलीने, सत्तर वर्षांची बाई. हे कळल्यावर निकेश रविवारी जायला लागला. वाट वाईट आहे म्हणेनासा झाला. दोघं मिळून चिखल काढतात, रोपं उपटतात, ती भाकरी आणि निवट्यांचं कालवण करते, तो संध्याकाळी पायाला सुकलेला चिखल घेऊन माझ्या जिन्यावरून वर जातो. पुढच्या उधाणाला जोतं पुन्हा भरतं.

मला हे सहन होईना. फेब्रुवारीत हौसाबाई दुकानात टेकली तेव्हा मी ठरवलं, आता सांगायचंच. म्हटलं, "हौसाबाई, एवढा चिखल कशाला उपसता? त्या जोत्याचं..."

"म्हायती हाय मना," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ते भायेर हाय. गो बाय, माजा जनम गेला त्या पान्यात. भरती कंच्या चिऱ्यापातूर चढतंय ते मना कागदावर बघाया लागतंय का? अंगठा दिला तवाच म्हायती व्हतं."

"मग त्याला बोलला का नाहीत?"

तिने तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, पदराने तोंड पुसलं.

"जोतं नाय म्हनलं तं त्यो कशाला येईल गो? वीस वरसं आयला नाय."

मग ती टोपली घेऊन वडखळच्या गाडीला गेली. मग रविवार आला. निकेश सकाळी खाली आला, खांद्यावर फावडं होतं, नवीन घेतलेलं. मी त्याला दोघांना पुरतील एवढे पोहे डब्यात भरून दिले.